दुसऱ्या दिवशी

मी, औलुस नुमिसियस, टायटस नुमिसियसचा मुलगा, रोमचा नागरिक, राहणार क्विरिनल टेकडी, उतारावरचं विहिरीशेजारचं घर, धंदा वकिली, वय असं की ते विचारण्याची आता कोणाला गरज वाटत नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुजले आहेत ते पाय. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी गळ घातलेली नाही. म्हणजे घातली आहे, रोज सकाळी दारात येऊन घालतात, पण मी ती मानलेली नाही.

हे लेखनिकाकडून लिहवून घेतलं असतं तर लवकर उरकलं असतं. पण लेखनिक फितवता येतो. म्हणून मेणाच्या या पाट्यांवर मी स्वतःच्या हातानं लिहीत आहे आणि एकही अक्षर पुसणार नाही. लेखणीचं चपटं टोक मेणावरून फिरलेलं दिसलं की उद्या कोर्टात कोणीतरी उभा राहील आणि म्हणेल, ही खाडाखोड परक्या हाताची आहे. दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांबद्दल मी स्वतः हे पुष्कळदा म्हटलेलं आहे, आणि जिंकलोही आहे.

बाहेरच्या दालनात सात साक्षीदार बसले आहेत. माझं लिहून झालं की पाट्या दोऱ्यानं बांधायच्या आणि सातही जणांनी आपापल्या अंगठीचा ठसा उमटवायचा, असा रिवाज आहे. तोवर ते माझे अंजीर खात आहेत आणि आपसांत कुजबुजत आहेत. इथून मला त्यांची तोंडं हलताना दिसतात. बायका बोलल्या की भिंतीपलीकडूनही शब्द न् शब्द कळतो. पुरुष मात्र, मग तो सिनेटर असो की भाजीवाला, माझ्यासमोर आला की तोंडातल्या तोंडात बोलतो. प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, त्याशिवाय का.

कलम पहिलं. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा डेसिमुस नुमिसियस हा माझा वारस होवो. हे घर, तिबूरजवळचा ऑलिव्हचा मळा आणि माझं सगळं सामानसुमान त्याचं. डेसिमुस हुशार नाही. तो बोलायला उभा राहिला की लोकांना घरची कामं आठवतात, आणि टोगा त्याला अजून धड नेसता येत नाही. पण त्या दिवशी मैदानावर तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याला काही ऐकू आलं नव्हतं. हे त्यानं तेव्हाही सांगितलं, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा मी विचारलं तेव्हा तेव्हा सांगितलं. मला एवढं पुरेसं आहे.

कलम दुसरं. माझी मुलगी नुमिसिया हिला मी वारसाहक्कातून नाव घेऊन वगळतो. आमच्यात मुलीला वेगळं नाव ठेवत नाहीत, बापाच्या कुळाचंच नाव तिला लावतात. ते काढून घेण्याची सोय कायद्यात नाही, म्हणून तेवढं तिच्याकडे राहील. बाकी काही नाही. कारण: तिला ऐकू आलं होतं.

मी गेल्यावर तिच्या बाजूचा वकील म्हणेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, नाहीतर पोटच्या एकुलत्या एका पोरीला कोण असं वगळतं. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून कारण सविस्तर लिहितो. साक्षीदारांना घाई असेल तर असू दे, अंजीर पुष्कळ आहेत.

मी प्रेटरच्या, म्हणजे न्यायदान करणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या, पदाला उभा होतो. माझ्या घराण्यात तोवर त्या पायरीपर्यंत कोणी चढलं नव्हतं. खडू चोळून पांढराशुभ्र केलेला टोगा घालून मी महिनोन् महिने चौकात हात मिळवत फिरलो. अशा वेळी उमेदवाराच्या मागं एक गुलाम चालतो आणि समोरून येणाऱ्याचं नाव हळूच कानात सांगतो, म्हणजे आपण त्याला ओळखतो असं त्याला वाटतं. माझ्या मागं जो होता तो नाव सांगतोय की शिव्या देतोय तेच कळायचं नाही. मला वाटलं, तो बाल्व्हेंटियसला मिळाला. (गेयस बाल्व्हेंटियस म्हणजे माझ्याविरुद्ध उभा असलेला, जेवणावळी घालण्यात पटाईत आणि बाकी कशातच नाही असा माणूस.) मी त्या गुलामाला विकून टाकला आणि स्वयंपाकघरातल्या हर्मियाला मागं चालायला लावलं. उमेदवाराच्या मागं बाई, म्हणून सगळा चौक हसला. पण तिनं सांगितलेलं एकही नाव माझ्याकडून चुकलं नाही.

माझ्या बोलण्याबद्दल मी काय लिहावं. आवाज उंच आणि धारदार, शेवटच्या रांगेला पोचणारा. विरोधक मला झांज म्हणायचे. म्हणोत. त्यांची बोलण्याची पद्धत मला कधी मानवली नाही: खालच्या आवाजात, छातीतून, जणू न्यायाधीशांशी खासगीत काहीतरी ठरवत आहेत. मी उठून ओरडायचो, मोठ्यानं बोला, सगळ्या रोमला ऐकू द्या. लोकांना ते आवडायचं. माझ्या वडिलांनी मला ही शिसवी खुर्ची दिली आणि एकच सल्ला दिला: जो आवाज खाली घेतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. ते स्वतः कोणावरच ठेवत नसत.

निवडणुकीच्या दिवशी मार्सच्या मैदानावर गर्दी उसळली होती. पहिल्या गटाची मतं मोजली गेली. पहिला गट ज्याला निवडतो त्याला देवांचाच कौल मिळाला असं आमच्याकडे मानतात, आणि बाकीचे गट मेंढरांसारखे त्याच्यामागं जातात. माझं नाव पुकारलं. दुसऱ्या गटानंही माझंच नाव दिलं. डेसिमुस माझ्या दंडाला धरून नाचत होता. आणि तेवढ्यात शकुन पाहायला बसलेला माझा मेहुणा, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ सेक्स्टस ओपेटियस, आसनावरून उठला. त्यानं मावळतीकडे पाहिलं, हात वर केला आणि ते दोन शब्द उच्चारले, जे शकुनवाल्यानं म्हटले की भरलेली सभा उठते.

“दुसऱ्या दिवशी.”

मेघगर्जना झाली की मतदान थांबतं आणि पडलेली मतं वाया जातात. कायदा चांगला आहे. फक्त मेघगर्जना व्हायला हवी. डोक्यावर आभाळ निळं होतं. मावळतीला टेकडीमागं ढगाचा पुंजका होता, नाही म्हणत नाही, पण आवाज म्हणाल तर मला काही ऐकू आलं नाही. मी काही बहिरा नाही. पावा वाजवणाऱ्याचा सूर केसभर हलला तरी माझे दात आंबतात.

मतदान पुढं गेलं. मधल्या दिवसांत बाल्व्हेंटियसनं गल्लोगल्ली जेवणावळी घातल्या, आणि नव्यानं मतं पडली तेव्हा पहिल्या गटानं त्याचं नाव पुकारलं. पुढच्याच वर्षी सेक्स्टसच्या मुलाला बाल्व्हेंटियसच्या हाताखाली सिसिलीत जागा मिळाली. आता यातून काय समजायचं ते वाचणाऱ्यानं समजावं. मला समजायला एक दुपार पुरली.

मतदान थांबलं त्याच संध्याकाळी मी सेक्स्टसच्या घरी गेलो आणि तोंडावर विचारलं. तो चिडला नाही, हेच मला खटकलं. मला त्यानं खांबाजवळच्या उजेडात नेलं आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, “दाजी, गडगडलं. मी काय करू? देवाला सांगू, जरा थांब, आमचे दाजी निवडून येतायत?”

त्या दिवसापासून मी माणसं दोन जातींत वाटली. ज्यांना ऐकू आलं नव्हतं ते प्रामाणिक, ज्यांना आलं होतं ते विकलेले. मैदानावर हजर असलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, कोणाला न्हाणीघरात गाठलं, कोणाला जेवायला बोलावून. विकलेल्यांची संख्या फार मोठी निघाली. बाल्व्हेंटियसला इतक्यांना विकत घेणं कसं परवडलं, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

आता मुलीबद्दल. नुमिसिया तेव्हा लहान होती, बाहुल्यांशी खेळण्याच्या वयाची. मी मैदानावरून घरी आलो तेव्हा ती वरच्या सज्जातून जिना उतरत धावत आली, माझ्या पायांना मिठी मारली आणि म्हणाली, “बाबा, गडगडलं म्हणून लवकर आलात ना?” मी अजून कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. मग हिला कोणी सांगितलं? उघड आहे, मामानं. निरोप माझ्या आधी घरी पोचला आणि पोरीच्या तोंडात घातला गेला, म्हणजे बापानं शंकासुद्धा घेऊ नये. मी तिचे हात सोडवले आणि आत गेलो.

मी तिला वाऱ्यावर सोडली नाही. लग्न चांगल्या घरात लावलं, हुंडा दिला, आव्हेंटाइन टेकडीवर तिचं बरं चाललं आहे. सणावारी ती यायची, मधात घोळवलेल्या पोळ्या आणायची. जेवण झालं की मी विचारायचो, त्या दिवशी तू काय ऐकलंस. ती म्हणायची, “बाबा, गडगडलं होतं.” एकदा, फक्त एकदा ती नाही म्हणाली असती तर हे सगळं घर तिचं होतं. मी तसं तिला सुचवलंसुद्धा. ती उठली, पोळ्यांचं रिकामं ताट उचललं आणि गेली. त्यानंतर आली नाही. मामाचाच हट्टीपणा तिच्यात उतरला आहे.

सेक्स्टस दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. मरताना त्यानं मला निरोप पाठवला. मला वाटलं, शेवटी कबूल करतो आहे. निरोप असा होता: दाजींना सांगा, गडगडलं होतं. मरणारा माणूस खोटं बोलत नाही असं लोक समजतात. मी इतक्या मृत्युपत्रांवर भांडलो आहे की माझा तसा समज राहिलेला नाही. मी त्याच्या अंत्ययात्रेला गेलो नाही.

तर दुसऱ्या कलमाचं कारण हे.

कलम तिसरं. स्वयंपाकघरातली हर्मिया स्वतंत्र होवो. तिला मागच्या अंगणाकडची खोली आणि तिची चूल हयातभर वापरायला मिळावी. या घरात माझ्याशी स्पष्ट बोलणारं हे एकच माणूस आहे. तरी भांड्याकुंड्यांची मोजणी मी गेल्यावर करावी.

कलम चौथं. गेयस बाल्व्हेंटियस अजून जिवंत आहे, दात नाहीत तरी जेवणावळी चालूच आहेत. त्याला माझा तो उमेदवारीचा पांढरा टोगा द्यावा, खडूसकट आणि कसरीसकट.

कलम पाचवं, शिरगणतीबद्दल. गेल्या शिरगणतीत मी माझं नाव आणि मालमत्ता नोंदवलेली नाही. नोंद घेणारा माणूस टेबलाशी बसून शेजारच्याशी कुजबुजत होता, ते मला पसंत पडलं नाही. त्यावरून कोणी वारसाला त्रास देऊ लागला तर दोष माझा समजावा.

कलम सहावं. अंत्ययात्रा साधी असावी. पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटातून काढून पुसून घ्यावेत. वडिलांच्या मुखवट्याचा उजवा कान उंदरांनी खाल्ला आहे, तो बसवून घ्यावा. पावेवाले बोलवावेत. मोठी वाकडी शिंगं वाजवणारे बोलावू नयेत. ते लोक नुसते गाल फुगवतात, आवाज काही निघत नाही, आणि लोक माना डोलवतात. इतकी उघड फसवणूक या शहरात वर्षानुवर्षं कशी चालते, देव जाणे. तशीच ती मालगाड्यांची तक्रार. रात्री दगडी रस्त्यावरून गाड्या जातात, झोप लागत नाही, म्हणून आमच्या गल्लीनं अर्जावर अर्ज केले आणि सही करत नाही म्हणून माझ्याशी अबोला धरला. मी त्याच गल्लीत झोपतो. चाकांच्या कुरकुरीपलीकडे मला कधी काही त्रास झालेला नाही. त्या अर्जामागं कोणाचं तरी जमिनीचं प्रकरण असणार.

चौकातलं भाषण कोणी करावं याचा विचार चालू आहे. बापाबद्दल मुलानं बोलायचं असतं, मुलगा मला नाही. डेसिमुसला सांगावं तर

इथं माझा हात थांबला. का थांबला ते जसं घडलं तसं लिहितो.

दुपारची वेळ आहे. टेबलावर माझ्या पाण्याचा पेला आहे. लिहिता लिहिता माझं लक्ष गेलं तर पाण्यावर बारीक कडी उमटत होती, मधून काठाकडे, आणि टेबलाला कोणी हात लावलेला नव्हता. पायाशी झोपलेला कुत्रा उठला आणि पलंगाखाली शिरला. मी दाराबाहेर पाहिलं. दालनात बसलेल्या सातही जणांनी एकाच वेळी माना वर करून छताच्या उघड्या चौकोनाकडे पाहिलं होतं. एकाच्या हातातला अंजीर तोंडापर्यंत येऊन थांबला होता. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या डेसिमुसचंही तोंड वर होतं. आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

पहिला विचार आला तो लिहितो: हे सगळे मिळालेले आहेत. सात साक्षीदारांना आणि पुतण्याला एकाच क्षणी माना वर करायला शिकवून ठेवणं अवघड नाही. कुत्र्याला तुकडा टाकून काहीही करवता येतं. पण पाण्याचं काय करायचं ते मला सुचेना. पाण्याला कोणी फितवत नाही.

हर्मिया खिडकीचा पडदा बांधायला आत आली. मी विचारलं, आत्ता काय झालं.

“गडगडतंय, मालक. मघापासून.”

मी विचारलं, रात्री तुला गाड्यांचा आवाज येतो का.

“सगळ्या गल्लीला येतो. भिंती हादरतात. तुम्हाला देवानं झोप दिलीय, मालक, आम्ही म्हणतोच नेहमी.”

मग मी शिंगांचं विचारलं. ती पडदा सोडून माझ्याकडे वळली. म्हणाली, शिंगांनी तिच्या पोटात धडधडतं. मी तिला बाहेर जाऊन डेसिमुसला पाठवायला सांगितलं.

डेसिमुस आला, उशी सारखी केली, पाय कसे आहेत म्हणून विचारलं. मी त्याला समोर उजेडात उभं केलं आणि म्हणालो, “डेसिमुस, आत्ता तू काही ऐकलंस?”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाईक काट्याकडे पाहतं तसं. मग म्हणाला, “नाही काका. कुठं काय?”

“आणि त्या दिवशी मैदानावर?”

“तेव्हाही नाही, काका. आभाळ अगदी स्वच्छ होतं.”

हे तो म्हणत असतानाच पेल्यातलं पाणी पुन्हा हललं. त्याचे डोळे क्षणभर खिडकीकडे गेले, परत माझ्याकडे आले, आणि तो हसला. आयुष्यभर मी ज्याला प्रामाणिक समजत होतो तो माझ्या समोर उभा राहून, देवाच्या आवाजावर आवाज चढवून, मला आवडेल ते सांगत होता. आणि सांगताना त्याला जडसुद्धा गेलं नाही.

 त्यानं लेखणीकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, साक्षीदार खोळंबलेत, शेवटचं भाषणाचं राहिलं तर राहू दे, शिक्के उमटवून घेऊ या, मंडळींना पावसाआधी घरी जाता येईल. तो हे मोठ्यानं बोलला. वडिलांनी मला सावध केलं होतं ते आवाज खाली घेणाऱ्यांपासून; मोठ्यानं बोलणाऱ्यांबद्दल ते काही म्हणाले नव्हते. त्यांनाही शिंगं ऐकू येत नव्हती की काय, हे आता कोणाला विचारणार.

मी हर्मियाच्या खांद्यावर हात टाकून उठलो आणि दालनात गेलो. सातही जण उभे राहिले, अंगठ्या पुसून तयार होत्या. मी मावळतीकडे पाहिलं, आणि सेक्स्टसनं केला होता तसा हात वर केला.

“दुसऱ्या दिवशी,” मी म्हणालो.

ते गेले. एकानं जाताना उरलेले अंजीर नेले. कोणी ते मी पाहिलं आहे.

इथून पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिलेलं आहे. मेण तेच, हात तोच. वरचं काही पुसलेलं नाही, कोणाला शंका आल्यास पाहून घ्यावं.

काल संध्याकाळीच मी हर्मियाला आव्हेंटाइनवर पाठवलं. नुमिसिया आज सकाळी आली. पोळ्या आणल्या नव्हत्या. बस म्हटलं तर बसली नाही. केसांत पांढरं दिसू लागलं आहे, ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, त्या दिवशी तू काय ऐकलंस.

“बाबा, परत तेच?”

“परत तेच. शेवटचं.”

“गडगडलं होतं,” ती म्हणाली. “खूप वेळ. आई देवघरात होती, मी सज्जात एकटी होते. मला भीती वाटत होती. तुम्ही आलात ते दिसलं म्हणून मी धावत खाली आले.”

भीतीचं हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. किंवा मी तिला तिथवर बोलू दिलं नव्हतं.

मी म्हणालो, “नुमिसिया, मला ते ऐकू येत नाही. गडगडाट, शिंगं, गाड्या. कधीच आलं नसावं. काल कळलं.”

 तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्यामुळे हसली की रडली ते मला दिसलं नाही. पण हसू उंच सुरात असतं. हसली असती तर मला ऐकू आलं असतं.

पुरुषांची तोंडं हलताना दिसायची आणि शब्द पोचायचे नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर संशय घेतला, हे एखाद्या न्यायाधीशाला समजावून सांगता येईल. पण हिचा आवाज मला नेहमी स्वच्छ ऐकू येत होता. त्या दिवशीसुद्धा येत होता. उभ्या रोममध्ये जिचं बोलणं मला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कळत होतं, तिच्यावरच मी विश्वास ठेवला नाही. याचं समर्थन मला सुचत नाही, आणि मला समर्थन सुचलं नाही असं पूर्वी कधी झालेलं नाही. मला फार वाईट वाटतं, एवढंच लिहितो.

मी असं म्हणत नाही की त्या दिवशी गडगडलं होतं. मी एवढंच म्हणतो की गडगडलं नव्हतं असं सांगायला या शहरात मी सोडून कोणीही चाललं असतं. आणि वकील म्हणून मला माहीत आहे की अशा साक्षीदाराला मी उभाच राहू दिला नसता.

सबब खालील बदल. वरचं आणि खालचं जुळत नसेल तिथं खालचं खरं धरावं.

माझी मुलगी नुमिसिया ही माझी वारस होवो. घर, मळा, सगळं. ज्याची मालमत्ता शिरगणतीत मोठी नोंदली आहे त्याला मुलीला वारस नेमता येत नाही, असा कायदा आहे. कलम पाचवं पाहावं. माझी मालमत्ता कुठंच नोंदलेली नाही, त्यामुळे तो कायदा मला लागत नाही. माझ्या संशयीपणातून निघालेली चांगली गोष्ट मला आठवते ती ही एकच.

डेसिमुसला वारसाहक्कातून वगळतो. चौकातलं माझ्यावरचं भाषण मात्र त्यानंच करावं. माझ्याबद्दल गोड आणि खोटं बोलण्याचा त्याच्याइतका सराव कोणाला नाही, आणि तिथं तेच लागतं. भाषण झाल्यावर त्याला वडिलांची खुर्ची द्यावी. तीत बसून आपल्या तोंडावर होय होय करणारे कोण, हे त्यानं पाहत राहावं.

हर्मियाचं कलम कायम. भांड्यांच्या मोजणीचं वाक्य वाचू नये.

शिंगवाले बोलवावेत, मोठे, चांगले. मला नाही तरी बाकीच्यांना ऐकू येतं. यात्रा सेक्स्टस ओपेटियसच्या थडग्यावरून न्यावी आणि तिथं ते वाजवावेत. नंतर दर वर्षी त्याच्या तिथीला नुमिसियानं तिथं थोडी वाइन ओतावी आणि माझ्या वतीनं दोन शब्द म्हणावेत: गडगडलं होतं. तिनं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. मोठ्यानं म्हणावं. मेलेल्यांचे कान कसे असतात, आपल्याला माहीत नाही.

बाल्व्हेंटियसचा टोगा त्याला जाऊ दे. जेवणावळी तर त्यानं घातल्याच होत्या.

या पाट्यांवर आज सातजणांनी माझ्या देखत शिक्के उमटवले. शिक्का उमटवताना प्रत्येकाला मी उजेडात, माझ्याकडे तोंड करून उभं केलं आणि त्याचं नाव मोठ्यानं सांगायला लावलं. ओठांवरून कळलं.

सेर्व्हियस कोर्डियस, शेजारी, गाड्यांच्या अर्जाचा पुढारी. अर्जावर मी आज सही केली आहे.
मानियस अल्फेनियस, तेलाचा व्यापारी.
क्विंटस बेतुलियस, याची अंगठी सैल आहे, ठसा नीट तपासावा.
ग्नेयस तुरानियस, वकील, माझ्याविरुद्ध नेहमी खालच्या आवाजात बोलणारा. चांगला बोलत असावा.
प्युब्लियस हेरेनियस, याला त्या दिवशी मैदानावर ऐकू आलं होतं आणि यानं ते मला सांगितलं होतं. मी याच्याशी बोलणं टाकलं होतं. बोलावल्यावर आला.
व्हिबियस सातेलियस, अंजीर यानंच नेले.
लुसियस मुनातियस, याच्याबद्दल अजून काही कळलेलं नाही. नुमिसियानं लक्ष ठेवावं.

औलुस नुमिसियस, स्वतःच्या हातानं.

स्थळ: रोम, क्विरिनल टेकडी. महिना सेक्स्टिलिस. वर्षाला ज्या दोन कॉन्सलांची नावं लावतात ती इथं लिहीत नाही, दोघांनाही माझं मत नव्हतं.

तारीख: दुसऱ्या दिवशी.